पिशवी काढण्याआधी, बीज गोठवण्याआधी

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की आष्टी तालुक्यातल्या वस्त्यांमधून टोळ्या निघू लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जोडी ठरलेली असते. लेकरं आजीजवळ ठेवायची की बरोबर न्यायची, एवढाच विचार उरलेला असतो. याच दिवसांत बऱ्याच घरांत आणखी एक बोलणे निघते : "दर महिन्याला हा त्रास. लेकरं झाली, ऑपरेशन झालं. आता पिशवीच काढून टाकली तर?"

त्याच घरातली एखादी मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागलेली असते. लग्नाची घाई नको म्हणते. तिच्या मोबाईलवर जाहिरात येते : तरुण वयातच स्त्रीबीज गोठवून ठेवा, मूल सवडीने होऊ द्या. दिवाळीला घरी आली की ती आईला हे सांगते, आणि आईला वाटते, हे काय नवीनच!

आई आणि मुलगी यांचे हे दोन प्रश्न वरून फार वेगळे दिसतात. एकीला आपल्या शरीरातला एक अवयव नकोसा झाला आहे, दुसरीला आपल्या शरीरातले बीज जपून ठेवायचे आहे. पण दोघींच्या पाठीमागे एकच अडचण उभी आहे. कामाचे दिवस आणि बाईच्या शरीराचे दिवस जुळत नाहीत, आणि जुळवून घ्यायला दरवेळी शरीरालाच सांगितले जाते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊ. शेवटचा निर्णय ज्या त्या ताईने करायचा आहे. तो पूर्ण माहितीवर व्हावा, एवढ्यासाठी हा पाठ.

आधी शरीराची ओळख

ओटीपोटात, लघवीची पिशवी आणि गुदाशय यांच्या मधोमध गर्भाशय असते. यालाच आपण गर्भपिशवी किंवा नुसते पिशवी म्हणतो. आकार साधारण मुठीएवढा. बाळ वाढते ते इथे आणि पाळीचे रक्त येते तेही इथूनच. पिशवीचे खालचे टोक म्हणजे पिशवीचे तोंड.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. स्त्रीबीजे यांच्यात असतात. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्याजवळ दहा-वीस लाख बीजे असतात आणि पुढे नवीन तयार होत नाहीत. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात त्यांतली चारशे-पाचशेच पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. वय वाढते तशी बीजांची संख्या कमी होते आणि कसही कमी होतो. पस्तिशीनंतर हा उतार वेगाने होतो.

अंडाशयांचे आणखी एक काम आहे, जे फार थोड्या जणींना सांगितले जाते. ती रक्तात संप्रेरके म्हणजे हार्मोन सोडतात. हाडांचा टणकपणा, हृदयाचे रक्षण, झोप, मनाची स्थिरता या सगळ्यांशी या हार्मोनचा संबंध आहे. म्हणून "लेकरं झाली, आता आतल्या भागाचं काय काम?" हे म्हणणे खरे नाही. लेकरं झाल्यावरही अंडाशयांचे काम पाळी जाईपर्यंत चालूच असते.

बीड जिल्ह्यात काय आढळले

२०१९ मध्ये बीड जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांची पिशवी तरुण वयातच काढलेली आहे, अशा बातम्या होत्या. प्रश्न विधिमंडळात गेला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात माहिती दिली की, २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत पिशवी काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या.

त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याच्या थोडे आधी, २०१५-१६ मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली होती. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. तीन कुठे आणि सतरा कुठे! आपल्या बायांच्या पिशव्या जन्मतःच खराब असतात असे तर नाही. मग एवढा फरक का?

कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले, लवकर लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण राज्यात शंभरात बावीसच्या आसपास होते. बीड जिल्ह्यात ते जवळजवळ दुप्पट निघाले. सतराव्या वर्षी लग्न, वीस-बावीसपर्यंत दोन-तीन बाळंतपणे आणि लगेच कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन. पंचविशीत पोचलेल्या बाईला सगळे सांगतात की तुझ्या पिशवीचे काम संपले.

दुसरे, फडावरचे जगणे. पहाटे उठून तोड, मग मोळ्या बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढवणे. राहायला कोपी. संडास नाही, न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीचे कापड धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. लघवीला जायला नको म्हणून बाया पाणीच कमी पितात. यातून लघवीची जळजळ, अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते आणि सहा महिने ते अंगावरच काढले जाते.

तिसरे, खाडा. काम नवरा-बायकोच्या जोडीवर ठरलेले. पाळीच्या दुखण्याने बाई एक दिवस कोपीत राहिली तरी तो दिवस हिशेबात कापला जातो, वर दंड बसतो. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षीवर जाते. मग पिशवीचा त्रास हा दुखण्यापेक्षा कर्जाचा प्रश्न होऊन बसतो. शस्त्रक्रियेला पैसे नसले तर तेही उचल म्हणून घेतले जातात. खाडा वाचवायला ऑपरेशन, आणि ऑपरेशन फेडायला आणखी एक हंगाम.

चौथे, भीती. "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" हे एक वाक्य ऐकले की कोणतीही आई घाबरते. लेकरांचे काय होईल या विचाराने ती दुसरा प्रश्नच विचारत नाही.

या चारही गोष्टी नीट पाहिल्या तर लक्षात येईल की, कागदावर अंगठा किंवा सही बाईची असली तरी निर्णय तिने एकटीने मोकळेपणी घेतलेला नसतो. त्यात मुकादमाचा हिशेब असतो, घरच्यांची घाई असते, अर्धवट माहिती असते.

तक्रार कोणती, इलाज कोणता

पिशवी काढणे हा काही आजारांवर योग्य आणि जीव वाचवणारा इलाज आहे. पण बहुतेक तक्रारींवर तो पहिला इलाज नव्हे. एकेक तक्रार घेऊ.

*पांढरे जाणे, धुपणी.* पाण्यासारखा किंवा थोडा चिकट, वास नसलेला स्राव प्रत्येक बाईला असतो. तो आजार नव्हे. खाज, दह्यासारखा स्राव, पिवळा-हिरवा रंग, घाण वास, ओटीपोटात दुखणे, ताप असे असेल तर जंतुसंसर्ग आहे असे समजावे. त्याला गोळ्या आहेत आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार पुन्हा उलटतो. नुसत्या पांढऱ्या जाण्यासाठी पिशवी काढायची नसते.

*पाळीत जास्त जाणे.* पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, तासा-दोन तासाला कापड किंवा पॅड भिजते, मोठ्या गाठी पडतात, चक्कर येते. अशा वेळी आधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासायचे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असे सरकारी पाहणीच सांगते. मग लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधे, हार्मोनच्या गोळ्या, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी असे इलाज टप्प्याटप्प्याने करून पाहायचे असतात. चाळिशीच्या पुढे असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासणेही गरजेचे असते.

*पिशवीत गाठ.* सोनोग्राफीत दिसणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. लहान आणि त्रास न देणाऱ्या गाठीला काहीच करावे लागत नाही, फक्त अधूनमधून तपासणी. पाळी गेली की अशा गाठी बऱ्याचदा आपोआप आकसतात. मोठी गाठ असेल तर कधी कधी फक्त गाठ काढून पिशवी ठेवता येते.

*"पिशवीला सूज."* सोनोग्राफीच्या कागदावर 'बल्की युटेरस' असे लिहिलेले असते. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणे साहजिक आहे. तेवढ्या शब्दावरून कॅन्सर ठरत नाही. 'नाबोथियन सिस्ट' असे लिहिले असेल तर ती पिशवीच्या तोंडावरची निरुपद्रवी पाण्याची पुटकुळी असते.

*अंग बाहेर येणे.* थोडे असेल तर व्यायामाने आणि आत बसवायच्या रिंगने आराम पडतो. फार असेल तर शस्त्रक्रिया लागते.

*कॅन्सरची शंका.* शंकेवर पिशवी काढत नाहीत, आधी तपासणी करतात. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी 'व्हीआयए' नावाची साधी तपासणी आहे. व्हिनेगरसारखे पातळ द्रावण तोंडाला लावून डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स डाग दिसतो का ते पाहतात. पाच-दहा मिनिटांचे काम. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने ही तपासणी करून घ्यावी. सुरुवातीचा दोष सापडला तर तेवढाच भाग बरा करता येतो, पूर्ण पिशवी काढावी लागत नाही.

आता दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त येणे, वजन झपाट्याने उतरणे ही लक्षणे अंगावर काढू नका, लगेच तपासा. तपासात कॅन्सर निघाला, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असला, गाठ फार मोठी असली, तर शस्त्रक्रियेला घाबरून मागे राहू नका. गरज नसताना काढणे जितके वाईट, तितकेच गरज असताना टाळणेही वाईट.

पिशवी गेल्यावर

पिशवी काढली की पाळी बंद होते आणि पुन्हा गरोदर राहता येत नाही. पंचविशीतल्या बाईने हे नीट समजून घ्यावे. संसारात पुढे काय घडेल हे कुणालाच सांगता येत नाही. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये नळ्या बांधलेल्या असतात. पुढे गरज पडली तर काही जणींच्या त्या पुन्हा जोडता येतात. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर शरीर एका दिवसात म्हातारपणाकडे ढकलले जाते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम, झोप न लागणे, चिडचिड, सांधे आणि कंबर दुखणे सुरू होते. पुढे हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी काही जणींना पाळी जाण्याच्या वेळचे त्रास काही वर्षे आधीच सुरू होतात. ज्या कामासाठी पिशवी काढली, तेच मोळी उचलण्याचे काम मग तिशीत जड जाऊ लागते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड वजन उचलायचे नसते. दसऱ्याच्या तोंडावर ऑपरेशन करून लगेच फडावर गेलेल्या बाईला हे सहा आठवडे मिळतच नाहीत.

ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्या ताईंनी स्वतःला दोष देऊ नये. आपला डिस्चार्ज कागद शोधून त्यावर अंडाशये काढली आहेत की ठेवली आहेत ते डॉक्टरांना विचारावे. लहान वयात काढली असतील तर कॅल्शियम, हाडांची तपासणी आणि हार्मोनचे औषध यांबद्दल सल्ला घ्यावा.

बीज गोठवणे म्हणजे काय

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचे शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. बीज गोठवून ठेवण्याचे तंत्र मात्र अलीकडच्या काळात भरवशाचे झाले. १९९७ च्या विश्वसुंदरी डायना हेडन यांनी तिशी ओलांडल्यावर आपली बीजे गोठवून ठेवली होती आणि २०१६ मध्ये मुंबईत त्यांना मुलगी झाली, तेव्हा या विषयाची आपल्याकडे बरीच चर्चा झाली.

पद्धत अशी. साधारण दहा-बारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शने देतात, म्हणजे एका महिन्यात एकाऐवजी अनेक बीजे पिकतात. सोनोग्राफी करत राहतात. मग गुंगी देऊन योनीमार्गातून सुईने बीजे काढून घेतात. ती उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. पुढे मूल हवे असेल तेव्हा बीज वितळवून त्याचा शुक्राणूशी संयोग करतात आणि तयार झालेला गर्भ पिशवीत सोडतात.

जाहिरातीत न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी अशा. बीज ठेवले म्हणजे मूल ठेवले असे नाही. वितळवताना काही बीजे जातात, उरलेल्यांतली काही फळत नाहीत, गर्भ सोडला तरी दरवेळी टिकतोच असे नाही. पस्तिशीच्या आत ठेवलेली बीजे बरी, चाळिशीजवळ ठेवलेल्यांचा भरवसा कमी. इंजेक्शनांमुळे काही जणींचे पोट फुगते, पोटात पाणी होते, क्वचित दवाखान्यात ठेवावे लागते. बीज तरुण राहिले तरी शरीराचे वय वाढतच असते. चाळिशीनंतरच्या गरोदरपणात रक्तदाब आणि साखरेचा धोका जास्त असतो. आणि खर्च लाखाच्या पुढे जातो, वर दरवर्षी ठेवणावळ.

ज्या मुलीला कॅन्सरच्या उपचारांना सामोरे जायचे आहे, तिच्यासाठी मात्र हा मार्ग मोलाचा आहे. त्या औषधांनी अंडाशये निकामी होऊ शकतात. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना हा प्रश्न विचारावा.

वस्तीतल्या बहुतेक मुलींना मूल लांबवण्यासाठी एवढ्या खर्चात पडण्याची गरज नाही. अठराच्या आत लग्न न करणे, शिक्षण पुरे करणे हा पहिला उपाय. लग्नानंतर सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसते, दहा वर्षांपर्यंत चालते आणि हवी तेव्हा काढता येते. 'अंतरा' हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन आहे, 'छाया' ही गोळी आहे, निरोध आहे. तांबीने काहींना पाळीत जास्त जाते आणि अंतराने पाळी पुढेमागे होते, हे आधी समजून घ्यावे. पण हे सगळे उपाय थांबवले की पुन्हा मूल होऊ शकते. विसाव्या वर्षी घाईने कायमचे ऑपरेशन करण्यापेक्षा हे मार्ग आधी विचारात घ्यावेत.

बीज विकायची वस्तू नाही

या विषयात गरीब वस्त्यांना एक वेगळा धोका आहे. ज्यांची स्वतःची बीजे नसतात, त्यांना दुसऱ्या स्त्रीची बीजे लागतात. अशा वेळी दलाल वस्तीत येतात आणि "दहा दिवसांची इंजेक्शनं, रोख पैसे" असे आमिष दाखवतात. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा हे स्पष्ट सांगतो की बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असावी, आयुष्यात एकदाच बीज द्यावे आणि तिच्यापासून सातपेक्षा जास्त बीजे घेऊ नयेत. बीजांची विक्री हा गुन्हा आहे. हे काम करणारे प्रत्येक केंद्र नोंदणी झालेलेच असले पाहिजे. दुसऱ्याच्या नावाच्या आधार कार्डावर, खोटे वय सांगून, पैशासाठी कुणी नेत असेल तर जाऊ नका, मुलींनाही सावध करा.

खर्च कुणी सोसायचा?

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या फेसबुक आणि ॲपल या कंपन्यांनी आपल्या कर्मचारी महिलांना बीज गोठवण्याचा खर्च देऊ केला. काहींना ती सोय वाटली. काहींनी विचारले, मूल लांबवायला पैसे देता, मग मूल झाल्यावर कामाचे तास कमी करायला का तयार नाही? आपल्या फडावर हाच प्रश्न जास्त कठोर रूपात उभा आहे. ऑपरेशनला उचल मिळते, पाळीच्या दिवसाला विश्रांती मिळत नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी मांडला होता. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि बाईच्या कामातून ज्याला फायदा होतो त्या मालकानेही तो सोसला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव विधिमंडळात आला. बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. मूल होऊ द्यायचे की नाही हे बाईच्या इच्छेवर असले पाहिजे, हा त्यातला गाभा होता. तो ठराव मंजूर झाला नाही. पण या दोन भूमिका एकत्र ठेवल्या तर आजच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर निघते. शरीराबद्दलचा निर्णय बाईचा, आणि त्या निर्णयासाठी लागणारी विश्रांती, औषध आणि मजुरी यांचा भार तिच्या श्रमावर चालणाऱ्या व्यवस्थेचा.

म्हणून टोळीशी करार होताना पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवशी दंड नको, फडावर पाणी आणि संडास हवा, ही मागणी बायांनी एकत्रितपणे मांडली पाहिजे. एकटीने म्हटले तर "दुसरी जोडी बघतो" असे उत्तर मिळते. सगळ्या टोळीने म्हटले तर ऐकावे लागते.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. माझ्या आजाराचे नाव काय? ते कागदावर लिहून द्याल का?
२. कोणत्या तपासणीवरून हे ठरवले? सोनोग्राफीशिवाय दुसरी कोणती तपासणी केली?
३. औषधाने किंवा लहान उपचाराने बरे होणार नाही का? किती महिने औषध घेऊन पाहायचे?
४. आत्ता केले नाही आणि तीन महिने थांबले तर काय होईल?
५. अंडाशये ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का?
६. नंतर किती दिवस विश्रांती? जड काम कधीपासून?
७. सगळा खर्च किती? सरकारी दवाखान्यात हे होते का?

डॉक्टरांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. सोनोग्राफी आणि रक्ताचे सगळे कागद मागून घ्या, ते तुमचे आहेत.

मग दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. आष्टीच्या ग्रामीण रुग्णालयात सुरुवात करा. पुढची तपासणी लागली तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१९ च्या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयाने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम झाला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. पण आष्टीकरांना बीडपेक्षा नगर जवळ, म्हणून बरेच जण तिकडच्या दवाखान्यात जातात. बीडचा नियम बीड जिल्ह्यापुरता आहे. तेव्हा हद्दीपलीकडे गेलात तर दुसरे मत घेण्याची काळजी आपली आपणच घ्यायची. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ हा मोफत क्रमांकही आहे.

घरातल्या पुरुषांना एक सांगणे. दवाखान्यात बायकोबरोबर जा, पण तिच्याऐवजी उत्तरे देऊ नका. डॉक्टरांनी तिला एकटीला विचारावे, तिने एकटीने बोलावे, अशी जागा तिला द्या. सासूबाईंनी "आमच्या वेळी मी पण काढली होती" असे म्हणण्याआधी आपली कंबर कधीपासून दुखते ते आठवून पाहावे.

येत्या पौर्णिमेला विहारात महिला मंडळ बसेल तेव्हा हे पान मोठ्याने वाचून दाखवावे. टोळ्या निघण्याआधी आशाताईंना बोलावून एक दिवस ठरवावा आणि तिशीपुढच्या सगळ्या जणींनी मिळून हिमोग्लोबिन आणि व्हीआयए तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या आणि पाळीचे साहित्य सहा महिन्यांचे बरोबर न्यावे. पिशवी काढायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हंगाम संपून परत येईपर्यंत औषध घेऊन पाहावे आणि तोवर डॉक्टरांचा कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा. ज्या दुखण्यात तातडी आहे, ते तपासात कळेल. ज्यात तातडी नाही, त्याला सहा महिन्यांचा वेळ देता येतो. वेळ मिळाला की विचार करता येतो, आणि विचार करून घेतलेला निर्णय पुढे कसाही ठरला तरी तो आपला असतो.

जय भीम.